मार्तंडरावांची इंग्रजी

हिंगोलीत मार्तंडरावांच्या इंग्रजीचा लई बोलबाला. वकिलाचे कारकून, नाकावर चश्मा, अन् मजुराशी बोलताना तोंड असं करायचे, जसं चपलेला शेण लागलं.

कयाधू नदीवर पूल होऊन राहिला व्हता, तवाची गोष्ट. माझ्या भावाला, सटवाजीला, तिथं सुरुंगाची मुकादमी पाहिजे व्हती. बारा वर्सं शिरड शहापुराकडं विहिरींचा खडक फोडलेला माणूस. त्याच्या हाताखाली कुण्या मजुराचं बोटसुदिक गेलं न्हाई. पण गोऱ्या साहेबाला अर्ज इंग्रजीत लागायचा, म्हून आमी दोघं मार्तंडरावांच्या दारात गेलो.

खडकाला भोकं कशी मारायची, वात किती ठेवायची, सटवाजीनं बराबर सांगितलं. मार्तंडरावांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. असलं धसमुसळं इंग्रजीत शोभत न्हाई, मजुराबद्दल लिहायची तिथं रीत हाय, म्हणाले. अन् एका जाड बुकातून उतरवून काढलं. वर अर्थही सांगितला: मी अडाणी, दरिद्री, आपल्या पायाची धूळ, सांगाल ते निमूट करीन. वा रे विद्वान! त्यात माझा भाऊ कुठंच न्हवता.

साहेबानं कागद वाचला अन् धुळीला शोभेल असंच काम दिलं, पुलाच्या कामासमोरच्या कचेरीच्या ओसरीत बसून पंखा ओढायचं. मुकादमी दुसऱ्याच कुणाला गेली. मी दगड उचलायला लागले.

एका दुपारी सुरुंग उडाले. धूळ बसायच्या आत नव्या मुकादमानं आमा बायांना खड्ड्याकडं हाकललं. तेवढ्यात सटवाजी पंख्याची दोरी टाकून धावत आला अन् त्यानं माझा दंड धरून मला मागं ओढलं.

"कुणी उतरू नका. भोकं सहा मारलीत, आवाज पाचच झाले."

आमी मागं सरलो न सरलो तोच सहावा उडाला. माझी पाटी कडेला राहिली व्हती, तिची एक काडी सापडली न्हाई.

साहेब पळत आला. पंखेवाल्याला हे कसं कळलं, त्यानं हिंदुस्थानीत विचारलं. मीच सांगितलं, माझा भाऊ बारा वर्सं हेच करत आलाय. मग अर्जात काहून लिहिलं न्हाई म्हून साहेब चिडला.

"जागाच न्हवती साहेब," मी म्हणले. "समद्या कागदावर मार्तंडराव बसले व्हते."

दुसऱ्या दिवशी मुकादमी सटवाजीला मिळाली, बिनअर्जाची. अन् मार्तंडराव अजून गावभर सांगून राहिले, पोरगं माझ्या इंग्रजीमुळं कामाला लागलं.