चौथ्या गाण्यातली हाक

दिवाळीत माझ्या मुलानं, बाळूनं, घरात रेकॉर्ड प्लेअर आणला. बालाजी त्याचं नाव, नांदेडला बँकेत आहे, मीही आता त्याच्याकडंच असतो. चाळिशीचा घोडा झालाय. मला म्हणाला, "बाबा, सगळं जग परत रेकॉर्डवर येऊन राहिलंय. सीडी म्हंजे मेलेला आवाज. ह्यात बघा, जीव हाय."

जीव म्हणे! मी हदगावात सत्तावीस वर्षं माईकवाला होतो. लग्न, बारसं, जत्रा, कुठंही भोंगा माझाच. उन्हाळ्यात मांडवात रेकॉर्डी पापडासारख्या वाकड्या व्हायच्या. सुई उडू नये म्हणून तिच्या दांडीवर मी चाराण्याचं नाणं ठेवायचो, आणि दर वेळी ती गाणं थोडं खरवडून न्यायची. ज्या खरखरीला आज ही मंडळी अस्सल म्हणतात, तिच्यापायी मी नवरदेवांच्या बापांच्या शिव्या खाल्ल्यात. सीडी आली तेव्हा मी नारळ फोडला होता.

पण सीडी जपण्याचं माझं खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाळू आठ-नऊ वर्षांचा असताना मी झिजत चाललेल्या रेकॉर्डी कॅसेटवर उतरवल्या. जोडायची वायर हदगावात मिळाली नाही, म्हणून स्पीकरसमोर टेप ठेवला, घरच्यांना गप्प बसायला सांगितलं आणि बटण दाबलं. चौथ्या गाण्यात सनई थांबली, बाई गायला लागणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझ्या बायकोची, केवळाबाईची, हाक आली, "बाळ्या, दूध उतू चाललं, बघ रे!" पाठोपाठ बाळ्याचं "आलो!"

मला त्याचा पत्ता लागला तो एका लग्नात, भर पंगतीत. भोंग्यातून दूध उतू चाललं आणि मांडवातली एक बाई खरंच चुलीकडं पळाली. लोक पोट धरून हसले. पुढं कितीतरी लग्नांत पोरं त्या जागेची वाट बघायची आणि बाळूला चिडवायची. त्या पहिल्या लग्नाहून घरी येऊन मी केवळाबाईला नको नको ते बोललो. त्यानंतर माझं मशीन चालू असलं की ती पाय न वाजवता फिरायची. त्याची मला आज लाज वाटते.

तिला जाऊन सहा वर्षं झाली. बाळूच्या लग्नाच्या व्हिडिओत ती दिसते, पण वरून गाणी भरलेली, नुसतं तोंड हलतं. कॅसेट उंदरांनी खाल्ली. त्याआधी मी ती सीडीवर भरून घेतली होती, हे बाळूला ठाऊक नव्हतं. तो बँकेत गेला की मी चौथं गाणं लावायचो, हाक ऐकायचो आणि बंद करायचो. मोबाइलमध्ये भरून दे म्हणालो असतो तर त्याला काही अवघड नव्हतं. पण म्हणायचं कसं? ज्या हाकेपायी बायकोला शिव्या दिल्या, ती रोज ऐकतो म्हणून? दसऱ्याला सीडी प्लेअरची लेन्स गेली आणि मी नव्या लेन्ससाठी नांदेडच्या वजिराबादेतली दुकानं पालथी घालत राहिलो.

वेळ अमावस्येच्या सणाला आम्ही चाकूरला गेलो, केवळाबाईच्या माहेरी. शेतात कडब्याच्या कोपीपुढं पूजा झाली. भज्जी-आंबील खाऊन मी ज्वारीकडं वळलो, तर पिकावर ताणलेल्या दोऱ्यांना सीड्या टांगलेल्या. माझा मेहुणा वीरभद्र म्हणाला, "बाळूनं दिवाळीत दिल्या, दाजी. घरात नुसत्या पडून हायत म्हणाला. लई कामाच्या निघाल्या, पाखरू फिरकत न्हाई."

वारा आला की त्या सगळ्या एकदम माझ्याकडं वळायच्या. एकीवर माझ्या अक्षरातलं 'लग्न' पुसट राहिलं होतं. मी कान तिच्याजवळ नेला. वेडेपणाच होता, पण नेला. दोरा तेवढा करकरला. सहा वर्षांनी माझी बायको बापाच्या शेतात येऊन पाखरं हाकत होती. मी सीडी सोडली आणि रुमालात गुंडाळली.

पुढच्या आठवड्यात लेन्स मिळाली. सीडी उन्हाकडं धरली तर वरचा मुलामा उडून तिच्यातून पलीकडचं दिसत होतं. प्लेअरनं ती तीनदा फिरवली आणि 'नो डिस्क' दाखवलं. बाळूला मी काही बोललो नाही. त्याला बिचाऱ्याला काय माहीत होतं?

रविवारी सकाळी त्यानं माझी जुनी रेकॉर्ड लावली, जिच्यावरून ती कॅसेट भरली होती तीच. "धुऊन घेतली, बाबा. ऐका, किती साफ हाय," म्हणाला आणि आत दाढी करायला गेला. मला उठून जायचं होतं, पण बसून राहिलो. तीन गाणी झाली. चौथं सुरू झालं. सनई थांबली आणि ती जागा आली, साफ, कोरी. मला जसं घर हवं होतं तसंच गप्प.

आतून बाळू ओरडला, "आलो!"

बाई गायला लागली. बाळू दारात आला, एका गालाला फेस. "हाक कुणी मारली?"

"कुणी नाही."

तो प्लेअरकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाबा, दूध..." आणि त्याचे डोळे भरले.

मी म्हणालो, "सुई मागं घे, बाळ्या. आन परत आत जाऊन हुबा ऱ्हा."