एक पूर्णांक शून्य पाच

माझं काम सांगायला गेलं की लोक जांभया देतात. यंत्राच्या पोटात आकडे दोनाच्या भाषेत असतात, आणि त्या भाषेत आपला साधा एक दशांशसुद्धा पुरता मावत नाही, मागे शेपूट उरतंच. ते शेपूट कुठे छाटायचं आणि माणसाला वाचता येईल असा आकडा कागदावर कसा उतरवायचा, एवढंच मी बारा वर्षं करतोय. ऑफिसात मला दशांशराव म्हणतात. म्हणोत बापडे. रक्त तपासणाऱ्या लॅबांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. रिपोर्टवरचा प्रत्येक आकडा माझ्या हातून जातो, याचा मला माज होता. मंगळवारपर्यंत होता.

आधी ताईचं सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आईचं वय झालेलं, भावजींचा रक्तगट जुळेना, राहिलो मी. माझं सगळं जुळलं. देशील का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. घरचे सगळे ते धरूनच चालले होते. वरवर मी शूर, आतून पाणी पाणी. सुई दिसली तरी मला घेरी येते, इथे तर पोट फाडायचं होतं.

मग शेवटच्या तपासणीत माझं क्रिएटिनिन दीड आलं. एकच्या आसपास हवं. आठवड्याने पुन्हा रक्त घेतलं, तर एक पूर्णांक सहा. डॉक्टर म्हणाले, तुमच्याच किडन्या थकल्यात, त्यातली एक काढणं धोक्याचं आहे. ताईचं नाव प्रतीक्षायादीत गेलं, आणि ती यादी किती वर्षांची ते विचारूच नका. ताई उलट मलाच म्हणाली, तू जप स्वतःला. मी मान खाली घालून बाहेर आलो आणि जिन्यात मला चक्क हसू फुटलं. सुटलो! स्वतःची लाज वाटली, पण त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवलो.

मंगळवारी सकाळी ते रिपोर्ट फायलीला लावत होतो; ती लॅबही आमचंच सॉफ्टवेअर वापरते. सवयीने आकड्यांच्या मांडणीवर नजर गेली. १३.८०, ४.१२, ०.७०. टिंबानंतर सगळीकडे दोन अंक. आणि क्रिएटिनिन १.५, एकच अंक. दुसऱ्या कागदावर १.६, तिथेही एकच. खरंच दीड असतं तर १.५० छापलं असतं. फाइल तशीच टाकून मी लॅपटॉप उघडला.

गेल्या महिन्यात दोन अंकी दशांशांसाठी मी एक आडवाट काढली होती. लांबलचक गणित कशाला? आकड्याला शंभराने गुणायचं, मग शंभराने भागायचं; भागाकार टिंबाच्या आधी छापायचा, बाकी टिंबाच्या नंतर. आता एक पूर्णांक शून्य पाच घ्या. गुणून एकशे पाच, भागाकार एक, बाकी पाच. एक, टिंब, पाच. मधलं शून्य गेलं उडत. सतरा-सतरा अंकांचे अवघड आकडे मी लाखांनी तपासले होते, आणि शाळकरी पोरालाही दिसावी ती चूक मला दिसली नाही. माझ्यासारखे आणखी कितीजण विनाकारण धास्तावले असतील, देव जाणे.

तासाभरात दुरुस्ती केली आणि साहेबांना सांगितलं. त्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुपारपर्यंत सगळ्या लॅबांना सूचना गेली, चुकलेले रिपोर्ट शोधून ज्याचं त्याला कळवायचं ठरलं. मला बुधवारी लॅबमधून फोन आला. पहिला आकडा १.०५, दुसरा १.०६, साहेब, तुम्ही ठणठणीत आहात. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

कामावर काही लपवलं नाही. लपवलं ते घरी. दोन दिवस मी खुर्चीत टेकलो नाही. गच्चीवर जायचो, खाली यायचो, नळ बंद आहे का पाहायचो, पुन्हा वर. बायको म्हणाली, अंगात आलंय का तुमच्या? तिच्यावरच डाफरलो. सांगितलं की सुटका संपली, आणि नाही सांगितलं तर, अहो, ताई आहे ती! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शुक्रवारी ताईला डायलिसिसला नेलं. हातात दोन सुया, नळीतून तिचंच रक्त बाहेर जाऊन परत येत होतं. ती नेहमीसारखी माझी थट्टा करत होती, नर्सला सांगत होती की हा नळ्यांकडे बघून पडला तर आधी याला उचला. मला ते सहन होईना.

"ताई, माझ्या किडन्या चांगल्या आहेत," मी म्हणालो. "रिपोर्टवर आकडा चुकीचा छापला गेला. चूक माझीच होती."

मधलं शून्य कसं गेलं तेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला कधी कळलं?"

आत्ताच, येताना कळलं, ही थाप जिभेवर तयार होती.

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे."

"घाबरलो होतो. अजूनही घाबरलोय."

तिने यंत्राकडे तोंड फिरवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नाही जमणार म्हणाला असतास तरी मी रागावले नसते रे," ती म्हणाली. "पण मंगळवारपासून मी वही लिहितेय. कुठल्या कपाटात काय ठेवलंय, गॅसचा नंबर कुठला, पोरीच्या कानातलं कुठे आहे. माझ्यामागे तिला सापडावं म्हणून. काल रात्री संपवली."

तिचा मोकळा हात धरून बसलो, तो गार पडला होता. मग तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि म्हटलं, मी देतोय, पण तारीख जवळची द्या. लांबची दिलीत तर मी पुन्हा पळ काढेन.