अर्ध्या फुलांचे बटवे

"माझं काही चुकलं, तर मागच्या मागे उसवून नीट करत बसू नकोस. तोंडावर सांगायचं. कळलं का?"

बटणमावशींनी हे बजावलं तेव्हा बटवे शिवत बसलेल्या तिच्या दातांत दोरा होता आणि मांडीवर लेक. तिने नुसतं "हूं" केलं आणि बोलणं कानाआड टाकलं. कपड्यांच्या कारखान्यात ज्यांनी उभं आयुष्य बटणं लावण्यात काढलं, त्यांचं काय चुकणार? आणि समजा, चुकलंच, तर आईच्या वयाच्या बाईला तोंडावर सांगायचं कसं? आपणच एखादा टाका घालावा आणि गप्प बसावं, एवढं साधं.

ती पहिल्या मजल्यावर राहायची, मावशी बरोबर तिच्या खाली. मावशींच्या गुडघ्यांचं जिन्याशी वाकडं होतं, आणि झोपलेल्या लेकीला सोडून ही दाराबाहेर पाऊल टाकायची नाही. तेव्हा दोघींनी मिळून गॅलरीतून एक टोपली सोडली होती. वरून कापड, मणी, दोरे खाली जायचे. काम झालं की मावशी दोरीला हिसका द्यायच्या आणि टोपली डुलत डुलत वर यायची. सोबत फुकटचा सल्ला.

"अगं डिग्रीवाले, अस्तराचं कापड आधी धुऊन घेतलंस का? नाहीतर आकसेल आणि बटव्याचं तोंड होईल रुसल्यासारखं!"

"धुतलं हो मावशी!"

"आणि उकळलंस पण असशील!"

तिची डिग्री सूक्ष्मजीवशास्त्रातली होती. नवऱ्याच्या मते त्या शिक्षणाचा सगळा उपयोग दुधाच्या बाटल्या उकळण्यात चालला होता. दाराची कडी, खेळणी, पाहुण्यांचे हात, सगळीकडे तिला वळवळणारं काहीतरी दिसायचं. त्या धास्तीतून मन काढण्यासाठी म्हणूनच तिने बटवे शिवायला घेतले होते. ओळखीपाळखीतून मागणी येत गेली. कुणाला मैत्रिणीला द्यायचे असायचे, कुणाला सासूबाईंना.

बटव्यावर ती नाव घालत नसे. नाव काय, कुणीही घालेल. ती घालायची खूण. सतत चष्मा हरवणाऱ्या आत्याबाईंसाठी डोक्यावर चढवलेला चष्मा, बाथरूममध्ये गाणाऱ्या दिरासाठी गळका शॉवर. मधली खूण तिची. कडेने मण्यांची फुलं, तोंडाशी फासा आणि बटण, हे मावशींचं. मावशींच्या फुलाला आठ पाकळ्या, सगळ्या सारख्या, आणि मागची गाठ अशी की उलटून पाहिलं तरी सापडायची नाही.

यंदाची मागणी होती बालवाडीच्या बाईंची. त्यांची दुसऱ्या गावी बदली झाली होती आणि जाण्याआधी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात एकेक बटवा ठेवायचा होता. कोणाला कसली खूण हवी ते बाईंनी तोंडीच सांगितलं होतं. "एक जण रोज खिसाभर खडे आणतो. एक मुलगी कोपऱ्यातल्या पालीला 'गुड मॉर्निंग' म्हणते. आणि एकाचं नाक बारा महिने वाहतं, पण ते काही भरू नका हं!"

ती जोमाने कामाला लागली, आणि नेमकी लेकीला सर्दी झाली. साधी सर्दी, पण तिच्या डोक्यात चक्रं सुरू. मावशींना संसर्ग झाला तर? या वयात छातीत उतरला तर? रोज संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन मावशींकडे बसायला जायचा तिचा नेम होता. तो तिने बंद केला.

"आता काही दिवस टोपलीच बरी, मावशी," तिने गॅलरीतून सांगितलं.

"बरं बाई. मी काय पळून जातेय?"

त्यानंतर टोपलीतून जे बटवे वर आले, त्यात एकाच्या डाव्या कोपऱ्यातलं फूल राहून गेलं होतं. दमल्या असतील, असं म्हणून तिने ते स्वतःच भरलं. पुढच्या खेपेला डाव्या कडेची फुलं बऱ्याच बटव्यांवर नव्हती. तेव्हा मात्र तिने कठड्यावरून वाकून विचारलं, "मावशी, बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय! मणी संपत आलेत, पांढरे पाठव."

आवाज तसाच खणखणीत. तिला हायसं वाटलं. तिने पांढरे मणी खाली सोडले आणि राहिलेली फुलं रात्री बसून भरून टाकली. नवरा म्हणाला, "वरच्या सरकारने खालच्या सरकारला कळवलं का?" ती म्हणाली, "कशाला उगाच मन दुखवायचं?"

शेवटची टोपली आली त्या दुपारी लेक नुकतीच झोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बटवे न्यायला येणार होत्या. तिने पहिला बटवा उचलला आणि कपाळावर आठी चढली. फूल अर्धंच होतं. दुसऱ्यावरही अर्धं. तिसऱ्यावरही. मावशींनी घाई केली, आणि तीही आत्ता! तिने कात्री घेतली, एक टाका कापलादेखील. मग किती उसवावं लागेल ते बघावं म्हणून तिने सगळे बटवे पलंगावर एका ओळीत मांडले, आणि कात्री हातातच राहिली.

प्रत्येक फुलाला उजव्या पाकळ्या होत्या. डावीकडे कोरं कापड. मधोमध कुणीतरी पट्टी धरून डावी बाजू झाकून टाकावी, तसं. तिने बटवे उलटले. मागे टाके घट्ट, गाठ लपलेली, नेहमीसारखीच. घाई नव्हती की हयगय नव्हती. निष्काळजीपणा असा ओळीने एकाच बाजूला उभा राहत नाही.

झोपलेल्या लेकीला तिने शेंबडासकट खांद्यावर टाकलं, मुठीत एक बटवा घेतला आणि जिना उतरली. कडीला हात लावताना या खेपेला तिला कसलेही जंतू आठवले नाहीत.

मावशी टेबलाशी बसल्या होत्या. केस उजवीकडून चापून विंचरलेले, डावीकडचे तसेच विस्कटलेले, अंबाडा कानाकडे कललेला. समोर बशी. बशीच्या उजव्या बाजूची बिस्किटं संपली होती, डावीकडची तशीच होती.

"आलीस? ये. बिस्किटं संपली बघ, तुला द्यायला काही नाही," मावशी म्हणाल्या.

ती त्यांच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसली. मावशींनी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"अगं, कुठे गेलीस? आत्ता तर होतीस."

"इथेच आहे मावशी. तुमच्या शेजारी."

"उगाच लपाछपी नको, माझी मान दुखते."

रडायची ही वेळ नव्हती. ती उठून उजवीकडे आली, बटवा त्यांच्यासमोर ठेवला आणि जे कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते बोलली.

"मावशी, तुमचं चुकलंय."

मावशींनी भुवया उंचावल्या. बटवा निरखून पाहिला. "कुठे? पुरं तर आहे फूल."

तिने मावशींचं उजवं बोट हातात घेतलं आणि हलकेच मण्यांवरून फिरवायला लागली. एक पाकळी, दुसरी, तिसरी, चौथी. मग मण्यांचा खडबडीतपणा संपला आणि बोट गुळगुळीत कापडावर आलं. मावशी थबकल्या. त्यांनी स्वतःहून बोट मागे नेलं, परत पुढे आणलं. डोळ्यांना जे दिसत नव्हतं, ते बोटाला कळलं.

"इथे काहीच नाही गं," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही."

"आधीच्या वेळी होतं?"

"नव्हतं. मी भरलं."

मावशींनी बटवा बाजूला सारला. "बजावलं होतं तुला, डिग्रीवाले."

"हो मावशी. आता रागावा नंतर. आधी चपला घाला, दवाखान्यात जायचंय."

एकच चप्पल त्यांच्या पायात गेली. दुसरी त्यांना दिसेना. तिने वाकून ती डाव्या पायात सरकवली, नवऱ्याला फोन केला आणि गाडी बोलावली. गाडीतही मावशींच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "पोरांचे बटवे अर्धे राहिले. बाई काय म्हणतील? आणि त्या लेकराचं नाक पूस आधी, माझ्या साडीला लावतंय." तिने नाक पुसलं आणि मावशींचा डावा हात घट्ट धरून ठेवला. त्या हाताने तिचा हात उलट धरला नाही.

मेंदूच्या उजव्या भागात लहानसा झटका येऊन गेला होता. असं झालं की कधी कधी माणसाची डावी बाजूच हरवते, डॉक्टर म्हणाले. डोळे चांगले असतात, पण तिकडे बघायचं असतं हेच मन विसरतं, आणि काही हरवलंय हेही त्याला कळत नाही. "हा लहान होता. पुढचा लहान असता असं नाही. आणलंत ते बरं केलंत." परगावी राहणारा मावशींचा मुलगा रात्रीच निघाला. तो येईपर्यंत ती दवाखान्याच्या बाकावर लेकीला मांडीवर घेऊन बसून होती.

बटवे तसेच गेले. तिने बाईंना सगळं सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "उसवू नका, भरू नका, द्या तसेच." खडे आणणाऱ्या मुलाने म्हणे लगेच विचारलं, उरलेलं फूल कुठंय? बाई म्हणाल्या, "वाटेत आहे."

मावशी घरी आल्यावर दवाखान्यातून व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई रोज त्यांच्याकडून डावीकडे बघण्याचा सराव करून घ्यायच्या. ते पाहून तिला सुचलं. आता मावशींकडे न्यायच्या प्रत्येक कापडाच्या डाव्या कडेला ती लाल दोऱ्याची जाड धावटीप घालते. आधी लाल दोरा शोधायचा, मगच सुई उचलायची. टोपली मात्र आता गॅलरीत रिकामीच लटकते. कापड घेऊन ती स्वतः उतरते, लेकीसकट.

"मला काय पहिलीतलं पोर समजलीस? लाल रेघ म्हणे!" मावशी कुरकुरतात, आणि मान वळवून लाल दोरा शोधतात.

पहिलं पुरं फूल जमायला बरेच दिवस गेले. डावीकडच्या पाकळ्या उजवीपेक्षा जाड झाल्या, एक तर फुगून शेजारणीवर चढली. तिने उसवलं नाही. फूल उजेडाला धरलं आणि नियमाप्रमाणे तोंडावर सांगितलं, "मावशी, डावी पाकळी जाड झालीय."

"असू दे. फार दिवस ताटकळली बिचारी."

त्या फुलाचा बटवा तिने कुणाला विकला नाही. त्यावर मधली खूण म्हणून तिने दोरीला लटकणारी टोपली भरली आणि तो मावशींच्या उशाशी ठेवला, डाव्या बाजूला. रोज सकाळी तो त्यांना सापडतो का, हे ती खाली जाऊन बघते.

बटवा न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हल्ली थोडा वेळ थांबवून एक गोष्ट मागते, आणि तुमच्याकडेही तिचं तेच मागणं आहे. तुमच्याही खालच्या मजल्यावर, पलीकडच्या गल्लीत किंवा फोनच्या दुसऱ्या टोकाला "मला काय धाड भरलीय" म्हणणारं कुणीतरी असेल. त्या आवाजावर विसंबू नका. आज जा. त्यांची बशी बघा, केस बघा, हातातलं काम बघा. मग जरा त्यांच्या डावीकडे जाऊन बसा, आणि ते तुम्हाला शोधतात का, तेवढं बघून या.