आडून इचारायचं इंग्रजी

गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय बघा. लोणावळ्याच्या ह्या हॉटेलात मी, टाकव्याची भागुबाई, कैक वर्षं खोल्या आवरतीय. वाकून फरशा पुसतीय, गाद्या उचलतीय. आता खाली बसलं की उठवत न्हाई आन उठलं की बसवत न्हाई. म्हणून मला काउंटरवरची दुसरी, रिकामी खुर्ची पायजे होती. मानपान गेला खड्ड्यात, नुसती बूड टेकायला जागा.

गुडघ्यांचं गाऱ्हाणं घालत मी नुसतं त्या खुर्चीकडं बघितलं, तवा मॅनेजर प्रितम साहेब म्हणालेले, "मावशी, इंग्रजी शिका, मग बघू." तवापासनं दुपारी खोल्या उरकल्या की काउंटरवरची अम्मारा मला शिकवायची. पोरगी गुणाची, पण डोकं खायला नंबर एक.

"मावशी, 'व्हेअर आर यू गोइंग' हा थेट प्रश्न झाला. गेस्टला उद्धट वाटतो. आपण आडून विचारायचं, 'मे आय नो व्हेअर यू आर गोइंग?'"

"अगं, पर दोन्हीकडं कुटं चाललाय हेच इचारतोय ना?"

"हो, पण आधी परवानगी मागतोय. आणि हा 'आर' बघा, इथं जागा बदलून मागं जातो."

"त्याला बरी मिळती जागा बदलून," मी म्हणलं. "मलाच तेवढी मिळंना."

ती हसली. मला न्हाई हसू आलं. तरी चादरी बदलताना उशांना इचारत सुटायचे, मे आय नो, मे आय नो. जोडीची रेणुका म्हणायची, भागुबाईला वारं लागलं.

काल अम्मारानं मला काउंटरवर उभं केलं. मागं साहेब. एक म्हातारं जोडपं बॅगा घेऊन निघालेलं. त्यांना गाडी बोलवायची, तर जायचं कुटं ते इचारायला नको? वाक्य तोंडपाठ होतं. पर आजोबांचा एक पाय दाराभायेर पडला आन माजी वाचाच बसली. निघालेल्या माणसाला 'कुटं' म्हणून इचारत न्हाईत आमच्याकडं. कामाला खीळ बसती. थेट न्हाई आन आडूनबी न्हाई, 'लांब का?' एवढंच म्हणायचं. एकदा कुणीतरी 'कुटं' इचारलं, तर आमच्या सासूबाईंनी निघालेल्या पाव्हण्याला घरात घेऊन, चूळ भरून परत निघायला लावलेलं. एवढ्या वर्षांची सवय, ती काय दोन महिन्यांत जाती?

"लाँग, सर? लाँग?" तोंडातनं तेच गेलं.

आजोबा बायकोकडं बघायला लागले. अम्मारानं कपाळाला हात लावला, मला बाजूला केलं आन सगळं नीट इचारून घेतलं. साहेब केबिनमदी निघून गेले.

मी तशीच त्यांच्या मागं गेले. लय दमलेले. शिकायचाबी कटाळा आलेला आन आशेचाबी.

"साहेब, आता आडून बोलायची ताकद न्हाई माज्यात. माजे गुडघे गेलेत. ती खुर्ची मला देनार का न्हाई?"

त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. "मावशी, ती जागा मागच्याच महिन्यात भरली. माझी मेहुणी येतेय सोमवारपासून."

मला आधी उमगंचना. "मंग आज मला कशापायी उभं केलं?"

"अम्मारानं हौसेनं केलं. मी कशाला मोडता घालू?"

"आन त्यानंतरबी मी महिनाभर डोकं फोडतीय, तवा सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही कधी सरळ विचारलंच नाही."

असा संताप आला! जिभेवर शिव्या आल्या, सगळ्या अस्सल मराठीत. पर बोलणार काय? न्हाई म्हणतील ह्या भ्यानं मी तोंड उघडलंच न्हवतं, हे त्या बाबाला बरोबर ठावं होतं. तेवढ्यावरच तो गप बसलेला. डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसलं.

त्याच्या टेबलापुढं गेस्टसाठी ठेवलेली मऊ खुर्ची होती. मी ती वढली आन बसले. न इचारता.

वरच्या मजल्यावरनं रेणुका हाका मारत होती. मारू दे म्हणलं.