दोन पायऱ्यांचं घर

माझे भावोजी सरकारी लिफ्ट निरीक्षक होते. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी सही केलेली एकही लिफ्ट पडली नाही. ज्या लिफ्टवर सही केली नाही, तिथे म्हातारीकोतारी माणसं धापा टाकत जिने चढायची. पण धापांसाठी त्यांच्या तक्त्यात रकाना नव्हता. तक्त्यात मुद्दे होते बासष्ट. एकसष्ट बरोबर आणि एक चूक निघाली, तरी दाराला लाल सील.

ते राहत होते त्या इमारतीच्या लिफ्टलाही असंच सील होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं. बाकी सगळं ठाकठीक होतं, फक्त आतली धोक्याची घंटा वाजत नव्हती. मालकाला तीन नोटिसा गेल्या. मालक तळमजल्यावर राहायचा, त्यामुळे त्याला घाई नव्हती. भावोजी आणि ताई चौथ्या मजल्यावर. अडुसष्ट पायऱ्या.

"स्वतःच्या दारापुढे सूट दिली तर लोक तोंडात शेण घालतील," भावोजी म्हणाले.

"कुठले लोक?" मी विचारलं.

"लोक म्हणजे लोक. तू उगाच फाटे फोडू नकोस."

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने एका कचेरीच्या दफ्तरखान्यात, तळघरात, तीस वर्षं जुन्या फायली काढून दिल्या आणि परत लावल्या. खिडकी नव्हती. निवृत्त झाली तेव्हा कचेरीने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. धूळ तिने आधीच थोडी थोडी करून छातीत घरी आणलेली होती.

मग तिने एके दिवशी वर्तमानपत्रातून एक जाहिरात कापली. "बेटावर दोन खोल्या भाड्याने. ओटा समुद्राकडे. बारा महिने उबदार." ती तिने फ्रिजच्या दारावर चिकटवली आणि म्हणाली, "मला इथे जायचंय." ताईने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा दुसरी गोष्ट. पहिली भावोजी.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून घेतलं. "त्यांच्या मनात कुठे जायचं असेल तर जाऊन घ्या. आत्ता जमेल. दोन-तीन महिन्यांनी जमेलच असं नाही."

भावोजींनी गंभीरपणे मान हलवली. जिन्यात मला म्हणाले, "म्हणजे तपासणी लगेच सुरू करायला हवी."

झालं. त्या रात्री त्यांनी यादी केली. बेटावर राहायला जाण्यापूर्वी विचारात घ्यायचे मुद्दे : एकशे चार. घरमालकिणीचा फोन नंबर जाहिरातीत होता, पण भावोजींचा फोनवर विश्वास नव्हता. तोंडी उत्तराला किंमत नाही, जे काय ते लेखी हवं. टपाल बेटावर बोटीने जायचं, आठवड्यातून दोनदा. एक प्रश्न जाऊन उत्तर यायला पंधरा दिवस. पत्रं पेटीत टाकायचं काम माझ्याकडे होतं. डॉक्टर काय म्हणाले ते मलाही ऐकू आलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

घरमालकीण विधवा होती आणि तिला लिहायला आवडत असावं. पहिल्या पत्राला तिचं सहा पानी उत्तर आलं.

दमट हवेबद्दल तिने लिहिलं होतं, "बुटांना आठ दिवसांत बुरशी येते. माणसांना जरा वेळ लागतो." दवाखान्याबद्दल : "एक नर्स आहे. डॉक्टर मंगळवारी येतात, समुद्र शांत असेल तर. आम्ही शक्यतो सोमवारी संध्याकाळी आजारी पडतो." वादळांबद्दल : "वर्षातून दोन. शेजाऱ्याचे पत्रे आमच्या अंगणात येतात, आमचे त्याच्या. भांडण नाही." खेकड्यांबद्दल त्यांनी विचारलंच नव्हतं, पण तिने आपणहून कळवलं होतं की खेकडे स्वयंपाकघरात येतात, मात्र काही घेऊन जात नाहीत.

ताई हसता हसता खोकली आणि खोकता खोकता हसली. "चांगली आहे हो बाई. चला ना."

"थांब. लिफ्टचं उत्तर वाच." भावोजींनी चष्मा वर केला. "'घर बैठं आहे. दारात दोन पायऱ्या. त्यातली खालची मोडली आहे.' मोडली आहे! आणि हे ती सोळाव्या मुद्द्यात सांगतेय!"

"अहो, आपल्याला तिथे राहायचंय. सर्टिफिकेट नाही द्यायचंय."

"पडलीस म्हणजे?"

"पडले तर एका पायरीवरून पडेन. इथे अडुसष्ट आहेत."

भावोजींनी पायरी दुरुस्त झाल्याचं लेखी कळवावं असं पत्र लिहिलं. मी ते पेटीत टाकलं.

असे पाच महिने गेले. प्रत्येक उत्तरातून दोन नवे प्रश्न निघत. विहिरीला झाकण आहे असं कळलं, की झाकणाला कडी आहे का हे विचारावं लागे. फायलीच्या पाठीवर भावोजींनी 'बेट' असं लिहिलं आणि ती फुगत गेली. इकडे जिन्यातही प्रगती होत होती. आधी दुसऱ्या मजल्यावर एक स्टूल आलं, ताईला येता-जाता टेकायला. मग प्रत्येक मजल्यावर एक. पुढे ताई खाली उतरेनाशी झाली, आणि स्टुलांवर शेजारी दुधाच्या पिशव्या ठेवू लागले.

"तुम्हाला डॉक्टर काय म्हणाले ते मला सांगितलं नाहीत ना दोघांनी?" एका रविवारी तिने मला विचारलं. भावोजी आत टाचणी शोधत होते.

मी म्हटलं, "काही विशेष नाही."

"तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही रे. नाक चोळतोस." मग हळूच म्हणाली, "त्यांना रागावू नकोस. घाबरले की ते यादी करतात."

शेवटी पावसाळा उलटल्यावर उत्तर आलं : पायरी नवी केली, सुताराची सही सोबत जोडली आहे. खाली एक ओळ होती, "आता माझा एक प्रश्न. तुमच्यापैकी कोणी येणार आहे का?"

भावोजींनी शेवटच्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी लग्नातही पाहिला नव्हता. गुरुवारच्या बोटीची तिकिटं काढली. ताईने नवी चप्पल घातली आणि सकाळी सहापासून दाराशी बसून राहिली.

दार उघडल्यावर आम्हा तिघांच्या एकदमच लक्षात आलं. बेटावरच्या घराचे सगळे मुद्दे तपासून झाले होते. या घरातून खाली उतरायचा मुद्दा यादीत नव्हता.

ताईने लिफ्टकडे पाहिलं. "सील काढा ना. दोन मिनिटांचं काम."

भावोजी सीलपाशी गेले. हात पुढे केला. मागे घेतला. "घंटा वाजत नाही गं. मध्येच अडकली तर?"

"मी ओरडेन."

"तुला ओरडता येत नाही," ते म्हणाले. पाच महिन्यांत त्या घरात कोणी बोललेलं पहिलं खरं वाक्य.

मग आम्ही तिला खुर्चीत बसवलं. मी पुढून, भावोजी मागून. जिना वळताना खुर्ची कलली, तिने कठडा धरला. दुसऱ्या मजल्यावर तिचे ओठ निळे झाले. "ठेवा," ती म्हणाली. आम्ही ठेवलं. शेजारणीने स्टुलावरची दुधाची पिशवी आत नेली आणि पाणी आणलं. ताई डोळे मिटून बराच वेळ श्वास शोधत राहिली आणि भावोजी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत राहिले. बोट साडेदहाची होती.

अकरा वाजता ती म्हणाली, "वर चला."

वर न्यायला दोन तास लागले. डॉक्टर घरी आले, ऑक्सिजनचा सिलिंडर लावून गेले. जाताना त्यांनी काही सुचवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी बेटासाठी काढलेली रजा इथेच वापरली. मालकाला न विचारता, नियम धाब्यावर बसवून, स्वतःच मिस्त्री बोलावला. मिस्त्रीने घंटेची वायर पाहिली, पिशवीतून पक्कड काढली, आणि वीस मिनिटांत उभा राहिला. "वायर सुटली होती साहेब. एवढंच." भावोजींनी सील ओरबाडून काढलं. नखाखाली लाल लाख गेली.

ते तळमजल्यावर लिफ्टच्या आत एकटे उभे राहिले आणि घंटेचं बटण दाबलं. सगळ्या इमारतीत घणघणली.

मी ताईच्या उशाशी बसून तिला बेटाची फाईल वाचून दाखवत होतो. तिनेच मागितली होती. शेजाऱ्याचे पत्रे झाले होते, खेकडे व्हायचे होते. तिने नाकावरची नळी जरा सरकवली.

"कोण आलंय रे?"

दारातून भावोजी आत आले. चौथ्या मजल्यापर्यंत ते जिन्यानेच चढून आले होते. धाप लागली होती.

"कोणी नाही," ते म्हणाले. "तपासत होतो."

"बरोबर आहे का?"

"बरोबर आहे."

"मग सही करा," ताई म्हणाली, आणि मला हाताने खूण केली, वाच पुढे.