चौथी ओळ

थोरलीने कमांड पुन्हा टाइप केली आणि एंटर दाबलं. पडद्यावर तीच लाल अक्षरं उमटली: मुदत संपली आहे, डेटा परत मिळणार नाही.

क्लाउडवरच्या डेटा वेअरहाउसची, म्हणजे माहितीच्या कोठाराची, परीक्षा उद्यावर आली होती. पास झाली तरच नोकरी पक्की होणार होती. पण थोरलीचं सगळं काम म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. खोडलेली माहिती परत कशी आणायची, तेवढंच काही केल्या जमत नव्हतं. म्हणून तिने सरावासाठी घरातल्या माणसांचं एक टेबल, म्हणजे नावांचा तक्ता, केलं होतं आणि काल सकाळी त्यातली एक ओळ मुद्दाम खोडली होती. लगेच परत आणणार, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि ते राहूनच गेलं. खोडलेलं परत आणायची मुदत नव्वद दिवसांची असते, अशी तिची समजूत. पण नव्वद आपण होऊन ठरवावी लागते. न ठरवता मिळते ती एकाच दिवसाची.

"जाऊ दे, सरावाचंच तर आहे," ती पुटपुटली आणि ओळ हाताने भरायला टेबल उघडलं. आई, बाबा, थोरली.

मग खोडलं कोणाला?

तिने जुनी नोंद काढली. तिच्यात नावं नव्हती, नुसते आकडे: भरलेल्या ओळी चार, खोडलेली एक. खूप आठवून पाहिलं, पण चौथं नाव काही सुचेना. आता मात्र तिला भीती वाटली. खिडकीजवळच्या दुसऱ्या पलंगावर तिची पुस्तकं पसरली होती. तिच्या खोलीत दोन पलंग कशाला, तेही तिला सांगता येईना.

स्वयंपाकघरात आई ताटं घेत होती. बाबा पेपरात डोकं घालून बसले होते.

"आई, आपण घरात किती जण?"

"अभ्यासाने डोकं फिरलं का तुझं? तिघं."

"पहिल्यापासून तिघंच?"

"नाहीतर काय," बाबा पेपरामागून म्हणाले. "एकुलती एक, म्हणून तर डोक्यावर बसलीस."

आईने टेबलावर चार ताटं मांडली. चौथ्याकडे क्षणभर पाहिलं, पदराने ते पुसलं आणि परत जागेवर ठेवलं.

"उभी काय राहिलीस? बस, थोरले."

ती बसली नाही.

"आई, एकुलत्या एक मुलीला तुम्ही थोरली का म्हणता?"

बाबांनी पेपर खाली केला. आईचा हात चौथ्या ताटावर जाऊन थांबला.