समोर माणूस आहे

खाणीतल्या त्या यंत्राला आम्ही जावई म्हणायचो. राहायचा थंड खोलीत, जरा धूळ लागली की रुसायचा, आणि कामाच्या वेळी चार माणसं त्याच्या दिमतीला. जिथे माणसाने जाऊ नये तिथे हा स्वतःच्या डोक्याने जातो, असं कंपनीने सांगितलं होतं.

छत कोसळून माझा धाकटा भाऊ आत अडकला, पाय दगडाखाली. विषारी वायू साठत होता आणि उरलेल्या फटीतून माणूस शिरत नव्हता. म्हणून ऑक्सिजनचा मास्क पाठीवर बांधून जावयाला सोडलं. चिखलातून, तुटक्या रुळांवरून तो शहाण्यासारखा गेला. आम्ही बाहेर पडद्यावर बघत होतो. धाकट्याचा चेहरा दिसला आणि स्वारी थांबली, त्याच्यापासून दोन हात लांब. पडद्यावर लाल अक्षरं आली: समोर माणूस आहे.

"पुढे घ्या ना त्याला," मी इंजिनिअरला म्हणालो.

"नाही घेता येत. माणूस दिसला की थांबायचं, धडक बसू नये म्हणून. तो नियम कंपनीने कुलूपबंद केलाय."

"अहो, माणसासाठीच पाठवलाय ना त्याला?"

त्याने कंपनीला पुन्हा फोन लावला. तिकडे कोणीतरी परवानगी कोणाची लागते ते विचारून सांगणार होतं. माझं डोकं फिरलं. तहान लागल्यावर विहीर खणायची, तीही अर्ज करून.

धाकट्याने हात लांबवला. बोटं पोचेनात. जावयावरच्या भोंग्यातून आत बोलायचा माईक मी इंजिनिअरच्या हातातून ओढून घेतला.

"ऐकतोयस ना? हात आत घे. तोंडावर शर्ट ओढ, अंगावर चिखल घे. त्याला तू माणूस वाटता कामा नये."

"दादा, लपाछपी खेळायची ही वेळ आहे का?" तो खोकत म्हणाला.

"सांगतो ते कर."

त्याने केलं. पडद्यावर नुसता ढिगारा उरला. लाल अक्षरं गेली. जावई पुढे सरकला आणि ढिगाऱ्याला खेटून थांबला.

"घे आता," मी म्हणालो.

ढिगारा हलला नाही. मी हाका मारल्या, शिव्या घातल्या, शेवटी हात जोडले. ज्या तीन शब्दांनी इतका वेळ माझं रक्त आटवलं, त्यांचीच मी आता वाट बघत होतो.

चिखलातून एक हात वर आला आणि मास्क चाचपू लागला. मग शर्ट खाली सरकला.

समोर माणूस आहे.

"पुन्हा अडकला," इंजिनिअर म्हणाला. "आता हा हलायचा नाही."

"राहू दे," मी म्हणालो. "तिथेच राहू दे त्याला."